एका तिकिटावर दोघं

माझ्या वाचनालयात फी नाही, भाडं आहे. पुस्तक परत करायला आलात की खुर्चीवर बसायचं, चहा घ्यायचा आणि त्या पुस्तकाबद्दल चार शब्द बोलायचे. आवडलं म्हणा, भिकार आहे म्हणा, वाचता वाचता झोप लागली म्हणा, काहीही चालेल, पण बोलायचं. त्याशिवाय दुसरं पुस्तक मिळत नाही. सारा जन्म एसटीत तिकिटं फाडण्यात गेला माझा. फुकट मी कोणाला बसू देत नाही.

वाचनालय म्हणजे तरी काय, राळेगावात बाजाराच्या रस्त्याला माझं घर आहे, त्याच्या पुढच्या खोलीत दोन लोखंडी रॅक आणि तीन खुर्च्या. पाटी नाही. लोक 'कंडक्टरचं वाचनालय' म्हणतात. ड्युटीवर असताना वर्धा, वणी, यवतमाळ, जिथं गाडी थांबायची तिथल्या रद्दीवाल्याकडं माझी फेरी ठरलेली. ड्रायव्हर चहा प्यायचा, मी रद्दीचे ढीग उपसायचो. "लोकायचे नवरे गावाहून साडी आनते, माहा नवरा रद्दी आनते," असं माझी बायको विमल शेजारणींना सांगायची. सांगताना हसायची, म्हणून मीही आणत राहिलो. ती गेल्यावर स्वयंपाकघरात फार वेळ बसवेना, तेव्हा मी पुढच्या खोलीतच मुक्काम हलवला. मुलगी समीक्षा पुण्याला असते. दर रविवारी तिचा फोन येतो. जेवलात का, गोळ्या घेतल्या का. मी दोन्हीला हो म्हणतो आणि मग आम्हा दोघांनाही पुढं काय बोलावं ते सुचत नाही.

एके काळी या खोलीत खुर्च्या पुरायच्या नाहीत. परीक्षेची तयारी करणारी पोरं यायची. अंगणवाडीतल्या बेबीताई जाडजूड कादंबऱ्या न्यायच्या आणि परत आणताना नायिकेला शिव्या घालायच्या. मग मोबाइल आले. पोरांना जे हवं ते त्यातच मिळू लागलं. बेबीताई एकदा वाटेत भेटल्या तर म्हणाल्या, "वामनराव, आता मी गोष्ट कानातच लावून घेते. भाकरी थापता थापता आयकू येते." त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. पण गोष्ट कानात लावून घेणारी बाई माझ्या खुर्चीवर बसून नायिकेला शिव्या घालायला परत येत नाही. असे एकेक करून सगळे उतरले आणि गाडीत एकच प्रवासी उरला. वाहिद.

वाहिद टेलर. नोकरी लागली तेव्हा माझ्या खाकी वर्दीचं पहिलं माप त्यानंच घेतलं होतं, आणि "पैसे नंतर दे, पन वाचाले काही असंल तं आन," असं म्हणाला होता. आता त्याचं दुकान मुलगा जुनेद आणि सून आरजू चालवतात. वाहिद दाराशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची हालहवाल विचारतो. बाजाराच्या दिवशी दुपारची नमाज झाली की कापडाचे तुकडे जोडून शिवलेली पिशवी खांद्याला लावून तो माझ्याकडं यायचा. पिशवीत परत करायचं पुस्तक असायचं.

तरुणपणी तो पुस्तकावरून कचाकचा भांडायचा. एका रहस्यकथेतला खुनी मी आधीच फोडला, म्हणून त्यानं माझी पँट महिनाभर अडवून ठेवली होती आणि मी जुन्याच पँटीला टाके घालून ड्युटी केली होती. अलीकडं मात्र तो मवाळ झाला होता. पुस्तक टेबलावर ठेवायचा, खुर्चीत टेकायचा आणि म्हणायचा, "तुले कसं वाटलं ते सांग अगुदर." मला तेवढंच पाहिजे असायचं. मी पहिल्या पानापासून सुरू करायचो. सावकाराचा आवाज काढायचो, त्याच्या बायकोचा काढायचो, कोर्टातला सीन असला तर उभा राहून सांगायचो. वाहिद डोळे मिटून ऐकायचा आणि मी दमलो की "मंग?" म्हणायचा. वय झालं की माणसाला दुसऱ्याच्या बुद्धीची कदर कळायला लागते, असा मी त्याचा अर्थ लावला होता. बाजाराच्या दिवशी मी सकाळीच दाढी करायचो. बाकीच्या दिवशी कोणासाठी करायची?

त्या दिवशीही दाढी केली होती. वाहिद आला तो पिशवीशिवाय. हातात मोबाइल होता, आणि चेहरा असा उजळलेला की मला वाटलं घरात पाळणा हलायचा आहे.

"कंडक्टर, हे पाह्य." खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं फोन माझ्यापुढं धरला. "साऱ्या दुनियेचे पुस्तकं आहेत यात. जुनेदनं कुठल्या ग्रुपवरून घेतले. तुह्या दोन्ही रॅकायमधले बी आहेत, अन् तुह्याजोळ नाही ते बी आहेत. इतिहास, जासूसी, सारं मराठीत. आन तुहा फोन. तुले बी टाकून देतो. दोन मिनिटाचं काम आहे म्हनते जुनेद."

पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रं बोटासरशी सरसर वर पळत होती. मी ती पाहिली नाहीत. मी त्याच्या खांद्याकडं पाहत होतो, जिथं पिशवी नव्हती. पिशवी नाही म्हणजे आज पुस्तक न्यायचं नाही. न्यायचं नाही म्हणजे पुढच्या बाजाराला आणायचंही नाही. भीती वाटली मला. सरळ बोलायचं तर तेवढंच होतं. पण "वाहिद, तू येणं बंद करशील, अन् मग माह्याकडं कोनीच येनार नाही," हे म्हाताऱ्या माणसानं म्हाताऱ्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगायचं? मग माझा हात जो राग जवळ सापडला त्यावर पडला.

"चोरीचा माल आहे हा," मी म्हणालो.

"कोनाची चोरी केली बे मी?"

"लेखकाची. त्यानं डोकं फोडून लिवलं, कोनी पैसे लावून छापलं, अन् तू फुकटात खिशात घालून हिंडून राह्यला. फुकट्या आहेस तू. माह्या गाडीत असता तं दंड मारून खाली उतरवलं असतं."

वाहिदला आधी गंमत वाटली. "अन् तू रे? रद्दीतून किलोवर पुस्तक आनलं, तवा लेखकाच्या घरी मनीऑर्डर केलती काय?"

"रद्दीचं पुस्तक कोनीतरी एकदा विकत घेतलेलं असते. त्याचं तिकीट फाटलेलं असते."

"मंग ते तिकीट घेनाऱ्याचं. तो उतरून गेला. उतरल्या मानसाचं तिकीट दुसऱ्यानं वापरलं तं तू काय करत होता? कॉलर धरत होता. सांगत होता ना मले, कसे पोट्टे खिडकीतून तिकीट देत अन् तू कसा पकडत होता." त्याला आता रंग चढला होता. "अन् एक पुस्तक तू साऱ्या गावाले वाचाले देल्लं. एका तिकिटावर सारं राळेगाव बसवलं. त्याचा दंड कोन भरन?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी आवाज चढवला. "पन सीट एकच असते! एक उतरते तवा दुसरा बसते. तू नेलं तं माह्याजोळ नसते, मले वाट पाहा लागते. याले उसनं म्हनते. तुह्या या फोनात सारेच्या सारे एकाच सीटवर बसून राह्यले."

"बसू दे ना. कोनाले उभं तं नाही राहा लागत? मंग बिघडलं काय?"

"लेखक उपाशी मेला ना!"

"तो तुह्या गाडीत भेटला होता तवा बी उपाशीच होता," वाहिद म्हणाला.

ही गोष्ट मीच त्याला फुशारकीनं सांगितली होती. एकदा वर्ध्याच्या गाडीत एक लेखक बसले होते. मी त्यांना ओळखलं, झोळ्यातून त्यांचंच पुस्तक काढून दाखवलं. ते खूश झाले. कुठं मिळालं विचारलं. रद्दीत, म्हणालो. त्यांनी पहिलं पान उघडलं तर तिथं त्यांच्याच अक्षरात कोणा मित्राला 'सस्नेह भेट' लिहिलेलं. मग ते खिडकीबाहेर पाहत बसले आणि उतरताना माझ्याशी बोलले नाहीत. मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगायचो. वाहिदनं ती अशी माझ्या अंगावर टाकली तेव्हा मला काही गंमत वाटली नाही.

"चोरी ते चोरी," मी म्हणालो. "अन् चोरीचा माल घेऊन माह्या घरात यायचं नाही."

बोललो आणि तेव्हाच कळलं की नको ते बोललो. टेलर लोकांची एक इज्जत असते. उरलेलं कापड गिऱ्हाइकाला परत न करणारे टेलर असतात आणि बोटभर चिंधीही घडी घालून परत करणारे असतात. वाहिद त्यातला दुसरा. त्याला आख्ख्या राळेगावात चोर म्हणणारा पहिला माणूस मी निघालो.

तो उठला. फोन सदऱ्याच्या खिशात घालताना त्याचा हात जरा चुकला, दुसऱ्यांदा गेला. "येत नाही," तो म्हणाला. चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा मी आत गेलो, आणि बाहेर येऊन पाहतो तर तो गेलेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी दाढी केली. दुपारी चहा ठेवला, सवयीनं दोन कप पाणी टाकलं आणि दोन्ही कप मीच प्यायलो. रस्त्यावरून माणसं जात होती, मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, लसणाच्या पिशव्या, सायकलच्या कॅरियरला बांधलेला कोंबडा. ओळखीचे हात करत होते. "काय वामनराव, बसले का?" बसलो म्हणून सांगत होतो. आत कोणी येत नव्हतं. गावात माझं कोणाशी वाकडं नाही, सगळे मला मान देतात, आणि त्यातल्या एकालाही माझ्या खोलीत पाऊल ठेवायचं कारण नाही. ते कारण म्हणूनच तर मी इतकी वर्षं पुस्तकं गोळा केली की काय, असा एक विचार मनात आला. मी तो झटकला आणि लेखकांच्या नुकसानीचा विचार करू लागलो. त्यात जरा बरं वाटलं. दुसऱ्याच्या नुकसानीसाठी रागावलेल्या माणसाला एकटं वाटत नाही, निदान तासभर तरी.

एक आधार होता. माझं एक पुस्तक अजून वाहिदकडं होतं. त्याला उसनं ठेवून घ्यायची सवय नाही. आज ना उद्या त्याला यावंच लागेल, पुस्तक टेबलावर ठेवावं लागेल, आणि एकदा तो खुर्चीत टेकला की माफी मागायची की नाही ते तेव्हाचं तेव्हा पाहू. अशा हिशोबानं मी त्यापुढच्या बाजारालाही दाढी केली.

त्या दिवशी पुस्तक आलं. वाहिद आला नाही, आरजू घेऊन आली. त्याची सून. तिनं डोक्यावरची ओढणी सावरत पुस्तक टेबलावर ठेवलं.

"अब्बानं पाठवलं, चाचा. बोलले, वामनचं काही ठेवून नाही घ्यायचं."

मी पुस्तकाकडं पाहिलं. खुणेला काही नाही, पान दुमडलेलं नाही, जसं दिलं तसं. म्हणजे हिशोब चुकता झाला. आता वाहिदला माझ्या दारात यायचं काही कारण राहिलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी नियमाचा आधार घेतला. "बस," मी तिला म्हणालो. "चहा घे. अन् पुस्तकाबद्दल बोला लागते. बिना बोलता पुस्तक परत घेत नाही मी."

ती हसली. "मी कुठं वाचलं, चाचा?"

"मंग तुह्या सासऱ्याले पाठव. त्यानं वाचलं ना."

"त्यायनं बी कुठं वाचलं?" आरजू म्हणाली, आणि माझं तोंड पाहून थबकली. "तुम्हाले मालूम नाही?"

"काय मालूम नाही?"

ती खुर्चीच्या कडेला बसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत सांगू लागली. "शुगरनं डोये गेले ना त्यायचे. दोन साल झाले असंन. यवतमाळच्या डॉक्टरनं सांगतलं, अंदरचा पडदा खराब झाला, ऑपरेशननं बी नाही होनार. मानूस ओळखते, रस्ता दिसते, पन अक्षर नाही दिसत. बारीक काही दिसत नाही. म्हनून तं शिवणं सोडलं. गिऱ्हाइकाले सांगू नका म्हनत होते, इतक्या सालाचं दुकानाचं नाव आहे. पन मले वाटलं तुम्हाले तरी…"

"माह्याकडून पुस्तक नेत होता तो. दर बाजारी."

"हो ना. आनत होते अन् शिलाईच्या टेबलावर ठेवत होते. बाजाराच्या दिवशी पिशवीत टाकून चालले परत. मी बोलली एक वक्त, अब्बा, मी वाचून दाखवू का? तं बोलले, नको, वामन सांगते मले सारं."

आरजू बोलतच होती. "मंग जुनेदनं फोनमध्ये ते पुस्तकं टाकले. त्यात अक्षर मोठं करता येते ना, बोटानं. पहिल्या दिवशी अब्बानं एक लाइन वाचली. स्वतः वाचली. रडाले लागले, चाचा. आम्ही घाबरलो. मंग उठले, चप्पल बी उलटी घातली, अन् बोलले वामनले दाखवून येतो. तुमच्याकडंच आले पहिले."

ती गेली. लाज वाटली हे तर खरंच, पण खरं सांगू, आधी राग आला. दोन वर्षं हा माणूस माझ्यासमोर बसला, आणि मला सांगितलं नाही. मी उभं राहून कोर्टाचे सीन करत होतो, बायकांचे आवाज काढत होतो, आणि समजत होतो की मी त्याला माझं मत सांगतोय. मग घराला कडी लावली आणि भर बाजारातून त्याच्या दुकानाकडं निघालो.

वाहिद दाराशी स्टुलावर होता. आत मशीन चालू होती. फोन त्यानं नाकाजवळ धरला होता, डोळ्यांच्या अगदी समोर नाही, थोडा बाजूला, कोपऱ्यातून पाहिल्यासारखा. पडद्यावर अक्षरं एसटीच्या पाटीवर असतात तेवढी मोठी. मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"ये कंडक्टर," तो मान वर न करता म्हणाला. "तुही चप्पल घासत येते. बस."

शेजारी कापडाच्या गठ्ठ्यांचं बाकडं होतं. मी बसलो. "मले सांगतलं काहून नाही?"

"काय?"

"डोयाचं."

त्यानं फोन मांडीवर ठेवला. आत मशीन थांबली आणि पुन्हा सुरू झाली. "सांगून काय करत होता तू?"

"काय म्हंजे? पुस्तक कायले देल्लं असतं मग? उगाच ओझं नेत होता आनत होता."

"तेच तं," वाहिद म्हणाला. "तू देल्लं नसतं. अन् पुस्तक नाही तं मी तुह्या घरी कोन्या तोंडानं येऊ? बिना पुस्तकाचं बसू देते का तू कोनाले? तुहा कायदा आहे ना. चौकात सारे सांगतात, भाडं देल्ल्याबिगर कंडक्टर बसू देत नाही. पुस्तक माहं तिकीट होतं, राजा."

सगळ्या गावाला हसत सांगितलेला माझा नियम, आणि माझा एकुलता एक मित्र डोळे गेलेले असताना तो पाळत होता. आजवर कोणी मला याहून वाईट बोललेलं आठवत नाही, आणि तो तर चांगल्या मनानं बोलत होता.

"अन् वाचलं नाही असं थोडीच आहे," तो पुढं म्हणाला. "सारं वाचलं. तू सांगत होता ना. तो सावकार बायकोले घाबरते, त्याचा आवाज काय काढला होता तू! मी घरी येऊन आरजूले सांगतलं तं तिले हसू आवरे ना. आता मले हे सांग, तू जे सारं पुस्तक मले तोंडानं सांगतलं, ते कोनत्या तिकिटावर? लेखकाले इचारलं होतं?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

लेखकाचं नुकसान होतं हे मला त्या दिवशी दिसत होतं, आजही दिसतं. वर्ध्याच्या गाडीतला तो माणूस खिडकीबाहेर पाहत बसलेला अजून आठवतो. मी तसं म्हणालोही. वाहिदनं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुहं," तो म्हणाला. "नाही म्हनत नाही मी. तू एक काम कर. इतक्या मोठ्या अक्षरात छापलेलं पुस्तक कुठं विकत भेटते ते सांग. जुनेदले पाठवतो. वर्ध्याले पाठवतो, नागपूरले पाठवतो. रोख देऊन आनन तो."

असं पुस्तक मी कधी पाहिलेलं नाही. रद्दीतही नाही, दुकानातही नाही. मग जे त्या दिवशी माझ्या खोलीत बोलायला हवं होतं ते बाकड्यावर बोललो. "वाहिद, पुस्तकाचं सोड. तू ये बाप्पा. बिना पुस्तकाचा ये, रिकामा ये. मी चोर म्हनलं, ते माहं चुकलं. मले करमत नाही. तू नाही आला तं कोनीच येत नाही."

त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हाताऱ्या टेलरचा हात, बोटांना कात्रीचे घट्टे पडलेला. "येईन ना," तो म्हणाला. "पन आता लगेच नाही येत, गड्या. वाचून राह्यलो मी. दोन सालाची भूक आहे. एक पान संपता संपता दुपार होते, तरी सोडवत नाही. आता बी पाह्य, असा मोक्यावर आलो होतो अन् तू आला."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी तो काढू शकलो असतो. तो फक्त दुसरीकडं होता. त्यानं हात काढून घेतला, फोन उचलला, आणि पुन्हा तसाच चेहऱ्याच्या बाजूला धरून वाचू लागला. मी उठायला हवं होतं. उठून जायचं कुठं, तर घरी.

मी बाकड्यावर सरकून त्याच्या खांद्याशी खांदा लावून बसलो आणि पडद्यात डोकावलो. पाच-सहा शब्द मावत होते. रात्र, वाडा, कोणीतरी जिन्याच्या पायरीवर उभं. हे पुस्तक माझ्या रॅकमध्ये नव्हतं. मी ते कधी वाचलेलं नव्हतं, म्हणजे पुढं काय होणार ते मला सांगता येणार नव्हतं. ते शब्द माझे क्षणात वाचून झाले. वाहिदचं बोट काचेवर टेकलेलं होतं, हलत नव्हतं. त्याचे ओठ एकेक अक्षर जुळवत होते. पायरीवर कोण उभं आहे ते खालच्या ओळीत असणार होतं. चोरीचा माल होता आणि मला तो पुढं वाचायचा होता.

"सरकव ना बे," मी म्हणालो.

"थांब," वाहिद म्हणाला. "माहं व्हायचं आहे."

मी थांबलो.